दोन लाइनी, एक रस्ता

24 फेब्रुवारी 2021. राष्ट्रीय शेअर बाजार भर दिवसा बंद पडला, त्या बुधवारचा घटनाक्रम.

सकाळी 9.00 : उरले 2 तास 40 मिनिटे

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, बाजारपूर्व सत्र सुरू झालंय. उद्या गुरुवार, फेब्रुवारीच्या वायद्यांची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस. आदल्या दिवशी हात मोकळे करणारे, सौदा पुढच्या महिन्यात ढकलणारे आणि शेवटच्या चोवीस तासांत नशीब काढायला निघालेले, असे सगळेच एकदम पडद्यासमोर येतात. बाजार बंद पडायला याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता.

1994 साली एनएसईने समभागांचे सौदे सुरू केले तेव्हाच आरडाओरड्याचं रिंगण टाळून सगळा कारभार संगणकाच्या पडद्यावर नेला होता. जोडणी उपग्रहामार्फत, व्हीसॅटच्या तबकड्यांवरून. दलाल स्ट्रीटवर ज्यांचं कुणी नव्हतं त्या गावांना यामुळे बाजाराचं दार उघडलं. आज बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्यात केळीच्या बांधावर बसून कुणी निफ्टीचा वायदा घेऊ शकतो. त्याच्या अंगठ्यापासून बीकेसीतल्या सर्व्हरपर्यंत किती टॉवर, किती स्विच, किती मैल काचेची तार लागते हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. सौदा मात्र त्यातल्या प्रत्येकाच्या भरवशावर उभा.

एनएसईने हा भरवसा तीन ठिकाणी वाटून ठेवला होता. मुख्य केंद्र बीकेसीत. जवळच कुर्ल्याला दुसरं केंद्र, जिथे नोंदींची प्रत त्याच क्षणी उतरते. आणि लांब चेन्नईला तिसरं, मुंबईवर संकट आलं तर बाजार तिथून चालवायचा. जवळच्या केंद्राचं प्रयोजन एवढंच, की एकही नोंद हरवू नये. सौद्याची नोंद इथेही लिहिली आणि तिथेही, दोन्हीकडून पोच आली, मगच काम पुरं. हे अंतर थोडं असेल तरच जमतं. चेन्नईची पोच येईपर्यंत थांबलं तर बाजाराचा वेग मरेल.

बीकेसी ते कुर्ला ही तार तुटली तर? म्हणून लाइनी दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतल्या होत्या. एक गेली तर दुसरी आहे.

9.15 : उरले 2 तास 25 मिनिटे

बाजार उघडला. सगळं सुरळीत. तेवढ्यात ही दोन लाइनींची कल्पना बारकाईने पाहून घेऊ, कारण पुढचा सगळा दिवस तिच्यावरच फिरतो.

ही कल्पना प्रत्येक सर्व्हर रूममध्ये असते. सर्व्हरला नेटवर्कची दोन पोर्टं, त्यांतून दोन केबली, वर दोन वेगळे स्विच. दोन्ही केबली मिळून सर्व्हरला एकच लाइन वाटावी अशी मोळी बांधतात. तिला बाँडिंग म्हणतात. सोपी पद्धत अशी, की एक केबल कामावर आणि दुसरी राखीव. पहिली गेली की राखीव उठते. पण ‘गेली’ हे कळणार कसं? लिनक्समध्ये बहुतेक जण जी तपासणी लावतात ती दर 100 मिलिसेकंदांनी फक्त एवढंच बघते, की पोर्टावर सिग्नल आहे का. म्हणजे केबलच्या पलीकडच्या टोकाला असलेला पहिला स्विच जिवंत आहे का. त्या स्विचच्या वरची तार तुटलेली असली तरी इकडे दिवा हिरवाच. सर्व्हर खुशाल त्याच केबलवर माल पाठवत राहतो आणि माल कुठेच पोचत नाही. हे टाळायला दुसरी तपासणी आहे: वरच्या एखाद्या ठरलेल्या पत्त्याला ठराविक वेळाने हाक मारायची, उत्तर आलं तरच लाइन चालू धरायची. ती लावायला चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी लिहिलेल्या नसतात.

दुसरी पद्धत जास्त महत्त्वाकांक्षी: दोन्ही केबलींवरून एकाच वेळी माल न्यायचा. त्यासाठी सर्व्हर आणि स्विच एलएसीपी नावाच्या शिष्टाचाराने एकमेकांशी बोलतात. इथली मेख अशी, की हा शिष्टाचार पलीकडे एकच स्विच आहे असं धरून चालतो. दोन सुटे स्विच जोडले तर सर्व्हर त्यांचे दोन गट मानतो, एका गटातून काम करतो आणि दुसरा नुसता बसून राहतो. म्हणून वरच्या दोन स्विचना ‘आम्ही दोघं एकच’ असं सोंग घ्यायला शिकवतात. या सोंगासाठी त्यांना आपापसात सतत निरोप पोचवावे लागतात, आणि एक पडला तर दुसऱ्याने काय समजायचं याचे नियम आधीच लिहून ठेवावे लागतात. राखीव व्यवस्थेचा खरा जीव या नियमांत असतो. केबली दोन असतात, निर्णय घेणारं डोकं एकच.

दापोऱ्यातल्याच माणसाच्या खिशातला फोन बघा. दोन सिमं, दोन कंपन्यांची. एकीचं नेटवर्क गेलं तर दुसरी आहे, असा हिशेब. पण गावाला टॉवर एकच असेल आणि दोन्ही कंपन्यांचे अँटेना त्यावरच चढवलेले असतील, तर टॉवरची वीज गेल्यावर दोन्ही सिमं एकदम मुकी. बिलं दोन येतात म्हणून वाटाही दोन आहेत असं होत नाही.

10 वाजून काही मिनिटं : उरला दीड तास

निफ्टीचा आकडा गोठला.

बँक निफ्टीचाही. समभागांचे भाव हलताहेत, सौदे जुळताहेत, पण त्यांतल्या निवडक समभागांचं मिळून जे एक माप असतं ते पडद्यावर जागच्या जागी उभं आहे. ऑप्शनवाल्यांचा जीव याच आकड्यावर. कुणी ॲप बंद करून उघडतो, कुणी वायफाय बदलतो, कुणी ब्रोकरला फोन लावतो. प्रत्येकाला वाटतं, बिघाड आपल्याकडेच आहे.

बिघाड रस्त्याखाली होता. पुढच्या महिन्यात एनएसईने दिलेल्या खुलाशानुसार, बीकेसी आणि कुर्ला यांच्यामधल्या वाटेवर खोदकाम आणि बांधकाम चालू होतं. त्यापायी दोन्ही कंपन्यांच्या लाइनी अस्थिर झाल्या. मुंबईच्या रस्त्यांना खोदकाम नवीन नाही, त्यात बातमीही नाही. बातमी ‘दोन्ही’ या शब्दात आहे.

‘अस्थिर’ हा शब्दही जपून वाचायला हवा. लाइन साफ तुटली तर सगळी यंत्रं एकमताने म्हणतात, गेली. अस्थिर लाइन मात्र येते, जाते, पुन्हा येते. एका टोकाला ती चालू दिसते तेव्हा दुसऱ्या टोकाला बंद. राखीव व्यवस्थेचे नियम लिहिणाऱ्यांनी बहुधा मेलेल्या लाइनीचा विचार केलेला असतो. आजारी लाइनीचा नाही.

नोंदींच्या दोन प्रती ठेवणारी जी साठवण यंत्रणा, तिला नेमका हाच प्रश्न पडला. एनएसईची अपेक्षा साधी होती. कुर्ल्याशी संपर्क तुटला तर कुर्ल्याची प्रत बाजूला ठेवायची आणि बीकेसीने एकट्याने काम चालू ठेवायचं. लाइन सुधारली की मागची नोंद कुर्ल्याला पाठवून द्यायची. एवढंच. घडलं उलटं. संपर्क डळमळला आणि बीकेसीतलीच साठवण सर्व्हरना मिळेनाशी झाली. वाचवण्यासाठी जी जोडी लावली होती, तिच्यातल्या एकाच्या आजारपणात धडधाकट दुसरा आडवा झाला. पुरवठादाराने बसवलेली बिघाडाच्या वेळची नियमावली आपल्या ठरलेल्या रचनेप्रमाणे नव्हती, असं एनएसईने नंतर सांगितलं.

मला हे स्पष्टीकरण अर्धंच वाटतं. नियमावली चुकीची बसली हे मान्य. पण ती बसल्यापासून त्या बुधवारपर्यंत एकदाही लाइन हाताने डळमळवून पाहिली असती, तर चूक चाचणीतच सापडली असती.

या जातीचा अपघात जगाला नवा नव्हता. 22 डिसेंबर 2012 च्या शनिवारी अमेरिकेत गिटहबवर, जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, जवळजवळ हेच नाटक झालं होतं. तिथे वरचे दोन मोठे स्विच ‘आम्ही दोघं एकच’ या सोंगात उभे होते. एका स्विचवरचा कारभारी प्रोग्राम थांबवला गेला. जोडीदाराचे नियम असे: मधली तार पडलेली दिसली तर 2 सेकंद थांब, मग समोरचा गेला असं समजून सगळं काम शांतपणे आपल्याकडे घे. पण 5 सेकंद निरोप आला नाही आणि तार मात्र जिवंत दिसते आहे, तर समोरचा जिवंत पण बिघडलेला आहे असं समज, जोडी मोड आणि स्वतंत्र स्विचसारखा वाग. पहिली वाट बिनत्रासाची, दुसरी उलथापालथीची. आता गंमत अशी, की तार पाडण्याचा हुकूम ज्याने द्यायचा तो कारभारी प्रोग्रामच थांबलेला होता. त्यामुळे तार जिवंत राहिली, निरोप मात्र थांबले, आणि जोडीदाराने दुसरी वाट धरली.

खालच्या स्विचांमधली वाहतूक सुमारे दीड मिनिट अडली. दीडच मिनिट! पण तेवढ्यात जोडीजोडीने काम करणाऱ्या फाइल सर्व्हरांनी एकमेकांना मेलेलं धरलं. आपला जोडीदार अर्धवट जिवंत राहून घोळ घालू नये म्हणून त्याची वीज तोडायचा हुकूम द्यायचा, अशी त्यांची शिकवण. दोघांनीही तो दिला. वाहतूक सुरू झाली तसे हुकूम पोचले आणि काही जोड्यांमधले दोघेही बंद पडले. पुढचे कित्येक तास माणसं एकेक जोडी तपासून उभी करत होती.

2012 च्या या अपघाताचा अहवाल गिटहबने सविस्तर लिहून सगळ्यांसाठी खुला केला होता.

सकाळी 11 नंतर : उरली काही मिनिटं

साठवण हाताबाहेर गेल्यामुळे निर्देशांक, देखरेख, क्लिअरिंग आणि सेटलमेंट या यंत्रणा बसल्या. सगळ्यांत वाईट म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम व्यवस्थापन यंत्रणा मिळेना. कोणत्या सदस्याने किती सौदे उघडे ठेवलेत, त्यापोटी मार्जिन पुरेसं आहे का, हे क्षणाक्षणाला मोजणारी ती यंत्रणा. सौदे जुळवणारी यंत्रणा मात्र शाबूत होती. म्हणजे दुकान उघडं, गिऱ्हाइकं रांगेत, आणि कुणाची किती उधारी झाली हे सांगणारी वहीच सापडत नाही. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी.

अशा वेळी बाजार चालू ठेवणं हा निव्वळ जुगार ठरला असता. बंद करण्याचा निर्णय बरोबर होता. उशीर झाला का, हा वेगळा प्रश्न.

11.40

वायदे बंद. तीन मिनिटांनी, 11.43 ला, रोखीचा बाजारही बंद.

एनएसईने जाहीर निवेदन दिलं. राखीव सोय असावी म्हणून आपल्याकडे दोन सेवादारांच्या अनेक लाइनी आहेत. दोन्ही सेवादारांनी आपापल्या लाइनींत अडचण असल्याचं कळवलंय. त्याचा परिणाम यंत्रणेवर झालाय. सगळे विभाग बंद केलेत, दुरुस्त होताच सुरू करू. निवेदनातलं पहिलं आणि दुसरं वाक्य शेजारी ठेवून वाचलं की या सगळ्या रचनेतला दोष आपोआप दिसतो.

दुपारी 12 ते 3

आपत्ती इथून पुढे पसरली.

पलीकडे फोर्टात मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालूच होता. 2019 पासून दोन्ही बाजारांची क्लिअरिंग व्यवस्था परस्परांना जोडलेली असल्यामुळे एनएसईवर घेतलेले समभाग बीएसईवर विकून मोकळं होता येत होतं. कागदावर हा तिसरा रस्ता. पण तेव्हा वायद्यांची उलाढाल जवळजवळ सगळी एनएसईवर होती; निफ्टीचा ऑप्शन बीएसईवर विकता येत नाही. आणि समभागांच्या बाबतीतही एनएसईची जोखीम मोजणारी बाजूच आंधळी झालेली. ज्यांनी सकाळी दिवसापुरते सौदे घेतले होते ते अडकून पडले. संध्याकाळपर्यंत सौदा मोकळा करायचा असतो, कुठे करणार?

याच तासांत सगळ्यांत मोठा निर्णय होऊ शकला असता, तो म्हणजे चेन्नई. लांबचं केंद्र याच दिवसासाठी होतं. ते चालू केलं गेलं नाही. बीकेसीत दुरुस्ती करून तिथूनच पुन्हा सुरू करायचं ठरलं. एनएसईची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, झालेले सौदे मुंबईत नोंदलेले होते, आणि भर दिवसा सगळा बाजार उचलून दुसऱ्या शहरात न्यायचा तर नोंदींचा मेळ बसेल का, ही भीती खरी होती. पण ज्या केंद्रावर जायची ऐन वेळी भीती वाटते, ते केंद्र राखीव कसलं? ती नुसती इमारत झाली. बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेही त्याच दिवशी एनएसईला दोन गोष्टी विचारल्या: बिघाडाचं मूळ कारण काय, आणि कामकाज आपत्कालीन केंद्रावर का हलवलं नाही.

दुपारी 3 नंतर

बाजाराची रोजची वेळ साडेतीनपर्यंत. एनएसई कधी सुरू होणार, वेळ वाढणार की नाही, याचा स्पष्ट शब्द नाही. सव्वातीनच्या सुमारास ब्रोकरांच्या यंत्रणा दिवसापुरते सौदे आपोआप मोकळे करायला लागतात, आणि त्या दिवशी हाताशी होता तो बाजार एकच. अनेकांचे सौदे बीएसईवर, मिळेल त्या भावाने कापले गेले.

मग घोषणा आली. एनएसई 3.30 ला बाजारपूर्व सत्र घेईल, 3.45 ला सौदे सुरू होतील आणि 5 वाजेपर्यंत चालतील. बीएसईचीही वेळ वाढवली.

ही घोषणा दोन तास आधी आली असती, तर कितीतरी लोकांनी सौदे धरून ठेवले असते. लाइनीचा बिघाड यंत्रांचा होता. वेळ न सांगण्याचा बिघाड माणसांचा.

3.45 ते 5.00

बाजार उघडला आणि वर गेला. खासगी बँकांना सरकारी व्यवहार करण्यावर असलेलं बंधन उठवल्याची घोषणा केंद्र सरकारने त्याच दुपारी केली होती. बँकांचे समभाग उसळले. सेन्सेक्स हजाराहून अधिक अंकांनी चढून 50,781 वर, तर निफ्टी 14,982 वर बंद झाला. तेजीचे सौदे धरून बसलेल्या ज्या माणसांना अर्ध्या तासापूर्वी कापून बाहेर काढलं होतं, त्यांनी ही चढण काठावर उभं राहून पाहिली.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत तेजी होती. चार तास बंद राहिलेला देशातला सगळ्यांत मोठा बाजार हा त्याखालचा मजकूर.

त्यानंतर

मार्च 2021 मध्ये सेबीने शेअर बाजारांसाठी आणि क्लिअरिंग संस्थांसाठी नवे नियम काढले. महत्त्वाची यंत्रणा बसली तर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत आपत्कालीन केंद्रावरून काम सुरू करायचं. हे गणित त्या बुधवारला लावून पाहिलं तर बाजार एकच्या आत उघडला असता. त्याच वर्षी पुढे, अशा बिघाडात वरिष्ठांच्या वार्षिक पगाराला कात्री लावण्याची तरतूदही आली. हा उपाय मला सगळ्यांत जास्त तांत्रिक वाटतो.

जून 2023 मध्ये एनएसई आणि तिची क्लिअरिंग संस्था यांनी सेबीकडे मिळून 72 कोटी 64 लाख रुपये भरून प्रकरण तडजोडीने मिटवलं.

आणि 2 मार्च 2024 च्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, एनएसईने मुद्दाम बाजार भरवला. सकाळी 9.15 ते 10 मुख्य केंद्रावरून. मग सगळं आवरून 11.30 ते 12.30 आपत्कालीन केंद्रावरून, खऱ्या पैशांचे खरे सौदे. मे महिन्यात 18 तारखेच्या शनिवारी पुन्हा तेच. जे करायला हवं होतं, ते अखेर झालं.

बाजारासारखा पसारा सगळ्यांकडे नसतो, पण दोन लाइनी आता तालुक्याच्या पतसंस्थेत असतात, जिनिंगच्या ऑफिसात असतात, वीस खाटांच्या दवाखान्यातही असतात. तुमच्याकडे असतील तर दोन्ही कंपन्यांकडून त्यांच्या तारेचा नकाशा मागून घ्या आणि दोन्ही तारा एकाच रस्त्याने, एकाच खांबावरून, एकाच चेंबरमधून जातात का ते बघा. मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांना सांगून, वरच्या स्विचची पुढची केबल स्वतःच्या हाताने काढा. सर्व्हरजवळची नको, तिच्या पुढची. आणि ती दहा-दहा सेकंदांनी पाच-सहा वेळा लावा, काढा, लावा.